जिन्यात आधी लागणारं दार

थोरल्याने दाराशेजारची पितळी पाटी उपटली ती रागाच्या भरात, पण पूर्ण शुद्धीत. स्क्रू गंजले होते, पेचकस नुसताच फिरत होता, तेव्हा त्याने पाटीखाली पटाशी घातली आणि अंगातला सगळा जोर लावला. पाटी सुटली आणि तिच्यासोबत भिंतीचा पोपडाही आला. पाटीवर एकच शब्द होता, घराण्याचं आडनाव.

"आता कळेल त्याला," तो बायकोला म्हणाला आणि त्याने हनुवटीने वर खूण केली.

वर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, त्याचा धाकटा भाऊ राहत होता. त्याच्याही दाराशी हुबेहूब अशीच पाटी होती. मुलांनी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा बापाने दोन्ही पाट्या एकाच पत्र्यातून कापून घेतल्या होत्या. बाप गाद्या करायचा. साऱ्या शहरात हे आडनाव एकाच घरचं, आणि गादीच्या कोपऱ्यात कापडी चिठ्ठीवर ते दिसलं की गिऱ्हाईक गादी दाबूनसुद्धा बघत नसे. बाप गेला, धंद्याची वाटणी झाली. यंत्रं, कापूस, दुकानाचे गाळे, सगळं निम्मं निम्मं झालं. नाव मात्र निम्मं होईना. ते दोघांनीही अख्खंच्या अख्खं ठेवून घेतलं.

तिथंच माशी शिंकली. धाकटा गादीत वरून बोटभर कापूस घालायचा आणि आत शिंप्यांकडून आणलेल्या चिंध्या कोंबायचा. अशी गादी दुकानात मोठी गुबगुबीत दिसते आणि घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचे गोळे होतात. मग लोक भांडायला येत. दुकानात धाकटा कधी सापडायचा नाही, म्हणून ते पत्ता काढत घरी येत, आणि जिना चढताना त्या आडनावाचं पहिलं दार लागे ते थोरल्याचं. भरल्या ताटावरून उठून त्याने दार उघडायचं आणि भावाच्या पापाच्या शिव्या खायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गादी माझी नाही, वर जा, एवढं तो सांगेपर्यंत समोरच्याचं अर्धं बोलून झालेलं असे, आणि त्यावर कुणाचा विश्वासही बसत नसे. नाव तर तेच आहे, असं म्हणत लोक पाटीकडे बोट दाखवत. शहाणेच सगळे.

थोरल्याने धाकट्याला बजावलं होतं, चिंध्याच भरायच्या असतील तर दारावरचं नाव उतरव. धाकटा म्हणाला, बाप माझाही होता. त्या दिवसापासून दोघांमध्ये शब्द नव्हता. जिन्यात गाठ पडलीच तर एकजण भिंतीकडे बघे आणि दुसरा मोबाइलकडे. तो उतरवत नाही ना, मग मीच उतरवतो. आपसूक सगळी भांडणं वर जातील, असा थोरल्याचा हिशेब होता.

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," थोरली म्हणाली. "आणि आईंचं काय? त्यांना दार कसं सापडणार?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच थोरल्याला तो झोंबला. वाटणीच्या वेळी आईने आपण होऊन सांगितलं होतं, मी थोरल्याकडे राहणार. धाकट्याला चांगला गाळा मिळाला, नवं यंत्र मिळालं, पण आई थोरल्याला मिळाली. आयुष्यात एवढी एकच बाजी त्याने जिंकली होती आणि ती तो मनातल्या मनात रोज मोजून बघायचा. आता आईची स्मरणशक्ती विरत चालली होती. माणसं ती ओळखायची, घरं मात्र ओळखायची नाही. सकाळी ती खाली अंगणातल्या बाकावर जाऊन बसे आणि ऊन चढलं की परत येई. शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, पण गाद्यांना चिठ्ठ्या शिवण्यात जन्म गेल्यामुळे तो एक शब्द तिला वाचता यायचा. पाटीच्या अक्षरांवरून ती बोट फिरवे, मान डोलावे आणि आत येई.

"मी काय परका आहे?" थोरला म्हणाला. "मी जिथं आहे तिथं ती येईल. तिला पितळ लागत नाही."

नवऱ्याच्या बोलण्यात आढ्यता शिरली की गप्प बसायचं, हे थोरलीला संसाराने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः खाली जाऊन सासूला हाताला धरून वर आणू लागली.

पुढचे काही दिवस थोरल्याने सुख भोगलं. तक्रारवाले लोक पहिल्या मजल्यावर घुटमळत, भिंतीवरचा पांढरा डाग बघत आणि वर जात. मग वरून आवाज चढे, दार आपटे. थोरला आरामखुर्चीत पाय पसरून ते सगळं ऐकत बसे. गाणं ऐकावं तसा. कुणी फारच पेटलं तर तो बायकोला हाक मारून सांगे, ऐक, आजचा चांगला तापलाय. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत तो चांगलाही नव्हता.

मग एका सकाळी थोरली गॅसवर दूध ठेवून बसली होती, ते तापेपर्यंत तिला निघता येईना, आणि आई एकटीच जिना चढली. पहिल्या मजल्यावर ती थांबली. भिंतीवर बोट फिरवलं, तर हाताला चुना लागला. ती आणखी एक मजला चढली. तिथं नाव होतं. ती आत गेली.

थोरला शोधत वर पोहोचला तेव्हा आई धाकट्याच्या सोफ्यावर बसली होती आणि धाकटी तिच्या हातावरचा चुना पुसत होती. थोरला म्हणाला, आई, चल घरी. आईने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"आलास? बस ना. हल्ली असतोस कुठं तू?"

"खाली. तूही खालीच राहतेस, आई."

"खाली कशाला? तिथं आपलं कुणी राहत नाही. दारावर नाव नाही, काही नाही. कसली माणसं असतील कोण जाणे," आई म्हणाली. "तूही येऊन राहा इथं, आपल्या घरी."

थोरल्याने तिचा दंड धरला. जिन्यापर्यंत ती आली, पण पहिल्या मजल्यावरचं ते बिनपाटीचं दार दिसताच तिने कठडा घट्ट पकडला आणि ओरडायला लागली, मला परक्यांच्या घरात कोंडतायत. शेजाऱ्यांची दारं उघडली. कुणीतरी विचारलंसुद्धा, काय चाललंय हे? थोरल्याला हात सोडावा लागला. सगळ्या शहरात नावाजलेल्या बापाचा मुलगा, आणि स्वतःच्या आईला पळवणारा ठरला.

आई पुन्हा वर गेली. धाकटा दाराला टेकून उभा होता. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा बोलला, आणि त्याच्या आवाजात मध होता.

"पाटी लाव, दादा. आई येईल की खाली. माझी गिऱ्हाइकंही येतील. सगळी एकाच जिन्याने येतात."

"तू चिंध्या भरणं थांबव."

"आणि तू मला शिकवणं थांबव. तुझ्या गाद्या पंचवीस वर्षं टिकतात, म्हणून तुझं दुकान रिकामं."

थोरल्याच्या हाताला खाज सुटली, पण धाकट्याच्या मागे सोफ्यावर आई बसली होती. तो खाली आला आणि दोन रात्री तळमळला. वरून आईचा खोकला ऐकू येई, तिच्याशी धाकटीचं लाडालाडाचं बोलणं ऐकू येई. वाटणीच्या वेळी याच धाकटीने सासू नको म्हणून तीन कारणं सांगितली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने पोपडा बुजवला, नवे स्क्रू आणले आणि पाटी लावली. लावताना तो धाकट्याला इतक्या शिव्या देत होता की थोरलीने खिडकी लावून घेतली.

ऊन चढल्यावर बाकावरून उठून आई जिना चढू लागली. थोरला दारातच उभा होता. तिच्या मागून एक नर्स धापा टाकत येत होती, रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल, हातात पिशवी. आईने पाटीवर बोट ठेवलं. नर्सने पिशवी उलटी केली आणि उंबऱ्यावर चिंध्यांचा ढीग पडला. त्यात कुणाच्या तरी सदऱ्याची अख्खी बाही होती, बटणासकट.

"यावर झोपायचं माणसाने?" नर्स म्हणाली. "या नावाच्या गाद्या करणारे तुम्हीच ना?"

वर कठड्यावर धाकटा रेलून उभा होता. थोरल्याने त्याला पाहिलं. वर जा, ती माणसं वर राहतात, हे शब्द रोजच्या सवयीने जिभेवर आले. आईचं बोट अजून अक्षरांवर होतं.

"आमच्याच आहेत," आई नर्सला म्हणाली. मग जरा गोंधळून तिने थोरल्याकडे पाहिलं. "हेच ना रे आपलं घर?"

"हेच," थोरला म्हणाला. मग तो नर्सकडे वळला. "गादी आमचीच आहे. द्या पाठवून, भरून देतो."

आई मान डोलावून आत गेली. नर्सला वाटलं होतं हा नाही म्हणेल, आणि त्या नाहीसाठी तिने जे जे साठवून आणलं होतं ते आता तिला थोपवता येईना. लाज नाही का, बापाच्या नावावर लोकांना लुटता, तुमच्यासारख्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे, असं ती किती तरी वेळ बोलत राहिली. वर धाकट्याचं दार हळूच बंद झालं. थोरल्याने पाठीमागे हात नेऊन आपलंही दार ओढून घेतलं, आत आईला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि नर्सचं संपेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.