गार कपाळ

"ताप? आपल्या अंगाला ठाऊकच नाही तो!" वॉली हागेनने छाती ठोकली आणि हातातली कॉफी मांडीवर सांडली. हुडहुडी थांबत नव्हती.

बायको अर्डिस टेबलापलीकडून बघत होती. "झोप गुमान आज. डोळे बघ, उकडलेल्या बिटासारखे झालेत."

"खाडा मांडतील."

वॉली कामाला होता त्या टर्की पक्षी कापायच्या कारखान्यात आजारपणाचाही खाडाच धरत. खाडे वाढले की नोकरी गेली, नोकरी गेली की विमा गेला, आणि अर्डिसच्या किडनीचे उपचार त्या विम्यावरच चालले होते.

वॉलीने तापाच्या दोन गोळ्या गिळल्या. कारखान्याच्या फाटकावर ताप बघायला कपाळ तपासत, म्हणून आत शिरण्याआधी त्याने ते गाडीच्या काचेला बाहेरून टेकवलं. मिनेसोटातला जानेवारी तो, कपाळ चिकटलंच. सोडवताना थोडी कातडी काचेवर राहिली.

फाटकावरच्या नर्स डोरीनने यंत्र रोखलं. "वॉली, याच्या मते तू परवाच वारलास."

"मग मेलेल्याला कसला ताप? सोड आत."

डोरीनने आवाज उतरवला. "गोळ्या खाल्ल्यास ना? अरे बाबा, अंग तापतं ते विषाणूला जड जावं म्हणून, आपली फौज जोरात कामाला लागावी म्हणून. तू आपलीच चूल विझवून बसलायस. बरं वाटतंय म्हणजे बरा झालास असं नाही. निदान अर्डिसपासून लांब झोप."

"लग्नापासून एकच पलंग आहे आमच्याकडे."

तिने सोडलं. सगळ्यांनाच सोडायची, अर्धा कारखाना गोळ्यांवर उभा होता, आणि तिलाही नोकरी होतीच. आतल्या सरकत्या पट्ट्यापाशी माणसं एकमेकांच्या तोंडावर खोकत गार कपाळांनी टर्क्या कापत होती. एकालाही ताप नाही म्हणून मॅनेजरने केक कापला. वॉलीला कडेचा तुकडा मिळाला.

तो केक पचतोय तोवर अर्डिस आडवी झाली. धाप लागलेली, बडबड चाललेली, पण अंग गार. थकलेल्या त्या देहात तापायचीही ताकद उरली नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरने आकडा पाहिला. "ताप नाही. घरी न्या, सूप पाजा."

"अहो डॉक्टर, ताप माझ्याकडे होता," वॉली म्हणाला. "मी लपवला. हिला तेच झालंय हो!"

म्हातारा गंमत करतोय असं वाटून डॉक्टर हसला.

"लाज काढलीस माझी," गाडीत अर्डिस पुटपुटली. "डॉक्टरशी असं बोलतात?" त्यानंतर ती धड असं काही बोलली नाही. शुक्रवारी गेली.

कारखान्याने मयताची रजा दिली, बिनखाड्याची; फक्त मृत्यूच्याच आठवड्यात घ्यायची. जमीन कमरेइतकी खोल गोठलेली होती. खड्डा खणणाऱ्या यंत्राचा दात तुटला. "आता बर्फ वितळल्यावरच, वॉली," पाद्री म्हणाले. अर्डिसला दफनभूमीतल्या शेडमध्ये ठेवलं. वॉली रजा संपेपर्यंत घरी बसून राहिला.

मे महिन्यात जमीन मऊ झाली. दफनाच्या दिवसाचा खाडा लागला.