चिमूटभर थायरॉक्सिनचा हट्ट

मी थायरॉक्सिन बोलतोय. नाव जड असलं तरी वजनाला मी चिमूटभरच, तपकिरी बाटलीच्या तळाशी बसलेली पांढरी पूड. तुमच्या गळ्यातली एक ग्रंथी मला रोज रक्तात सोडते, म्हणून तुमची वाढ नीट होते. मी मात्र परदेशी कारखान्यात जन्मलो, बोटीनं मुंबईला उतरलो आणि १९५४ च्या पावसाळ्यात इंदापूरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत येऊन पडलो.

माझी मालकीण फरजाना. बारामतीच्या कापडदुकानदाराची मुलगी, पुण्यात प्राणिशास्त्र शिकणारी. मला तिच्या हाती देताना तिच्या सरांनी बजावलं होतं, "दोन महिने आणि ही एक बाटली. एवढ्यात निकाल दाखवा, नाहीतर संशोधन सोडा."

काम सोपं होतं. ओढ्यातली बेडकाची पिल्लं सहा बरण्यांत सोडायची. तीन बरण्यांत मला विरघळवून केलेले थेंब, तीनमध्ये नुसतं पाणी. माझ्या पिल्लांना पाय लवकर फुटतात का, ते पाहायचं. फुटणारच! मला काय सांगता?

रोज सकाळी पाणी बदलायला शाळेच्या तानूबाई यायच्या. टेबलावर सहाही बरण्या एका ओळीत. पहिल्याच दिवशी फरजानाला तीनच बरण्यांत थेंब घालताना पाहून त्या मागाहून पुटपुटल्या, "अगं बया, ह्या तिघींतली लेकरं उपाशीच?" आणि थेंबांची शिशी उचलून त्यांनी उरलेल्या तीन बरण्यांतही मला वाढलं. मी आतून ओरडत होतो, "अहो, नको!" पण माझं ऐकतंय कोण?

दहा दिवसांत सहाही बरण्यांत पाय. फरजाना चक्रावली. पाण्यात काही असेल म्हणून विहीर बदलली, नवी पिल्लं आणली. पुन्हा तेच. पाच आठवडे असे गेले. एक दिवस माझ्याकडे बघत ती म्हणाली, "याला घालून काय नि न घालून काय, सारखंच." असा संताप आला म्हणता!

तिनं सरांना पत्र लिहायला घेतलं आणि तानूबाईंना म्हणाली, "मावशी, मी उद्या बारामतीला जाते. संशोधन संपलं माझं."

"का वं ताई? समद्यास्नी तर पाय आलं की!"

"तिथंच तर घोळ झाला. या तिघींत औषध घातलंच नव्हतं."

तानूबाईंनी थेंबांच्या शिशीकडे बोट केलं. "म्या घातलं, ताई. रोज. एका पंगतीत बसवायचं अन् निम्म्यास्नी वाढायचंच न्हाय, हे मला बघवंना."

"पाच आठवडे, मावशी!" फरजाना कडाडली. "माझं सगळं शिक्षण पणाला लागलंय!" मग ओळीत मांडलेल्या सहाही बरण्यांवरून तिनं नजर फिरवली. शेवटी तिनं पत्र टराटरा फाडलं. "तुम्हाला पाणी बदलायला सांगितलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. ज्यांना औषध नाही, त्यांच्याशी ताडूनच कळतं, पाय कुणामुळं फुटले."

"आदी सांगायचं न्हाय व्हय, बाय!" तानूबाईंनी डोळे पुसले.

जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते. मी तर संपतच आलो होतो. तानूबाई पदर खोचून ओढ्यात उतरल्या आणि पिल्लं घेऊन आल्या. फरजानानं माझी बाटली पाण्यानं तीनदा खंगाळली, कण न् कण गोळा केला. साध्या पाण्याच्या तीन बरण्या तानूबाईंनी स्वतः उचलून खिडकीत मांडल्या. "ह्यांची पंगत येगळी," असं स्वतःलाच बजावून सांगितलं.

मी जीव ओतून काम केलं. नवव्या दिवशी माझ्या तिन्ही बरण्यांत पाय दिसले. खिडकीत एकही नाही. फरजाना हसता हसता रडली. वहीत तिनं फसलेले पाच आठवडेही लिहिले आणि पुढं नोंदलं, "चूक माझी."

वहीची नक्कल तिनं सरांना धाडली. काल पुण्याहून उत्तर आलं. "काम चालू ठेवा. नवी बाटली पाठवतो."

नव्या बाटलीला इथवर यायला पंधरवडा तरी लागेल. तोवर बरण्या रिकाम्या का ठेवायच्या? माझे दोन-चार कण अजून बुचाला चिकटलेत. फरजाना, आठवण म्हणून मला कपाटात जपू नकोस. बूच पाण्यात बुडव आणि मला पुन्हा कामाला लाव.