गुरुजींचा उंबरा

“बाई, तिकडून नका येऊ. भिंत आहे तिथं.”

चौथीतली रविना हे इतक्या सहज म्हणाली की प्रतिभाबाई थबकल्याच. समोर शाळेचं मोकळं अंगण होतं. भिंत सोडा, काडीसुद्धा नव्हती. बाईंनीच ते सपाट करून घेतलं होतं. ब्राह्मणपुरीहून त्या नर्मदेकाठच्या या पाड्यावर आल्या, तेव्हा अंगणभर दगडांच्या ओळी होत्या. पोरं अडखळतील म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात दगड उचलून झाडांभोवती लावले. टापटिपीचा फार सोस बाईंना.

ते दगड म्हणजे फत्तेसिंग गुरुजींचा नकाशाचा पाठ होता, हे त्यांना नंतर कळलं. गुरुजींचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. पुस्तकातला नकाशा पोरांच्या डोक्यावरून जातो म्हणून त्यांनी अख्खं गाव अंगणात मांडलं. आधी दारात उभं राहायचं, सूर्य कुठून उगवतो ते बघायचं, मग शेजारच्या घरी जायचं. सगळं पोरांच्या पावरी बोलीत, बिलकूल घाई न करता. भिंतीवरून उडी मारलेली त्यांना खपत नसे. दिवाळीनंतर गुरुजी तापाने गेले, पुढे दगडही गेले. पोरं मात्र अजून दारातूनच आत जात होती, अगदी शिवाशिवी खेळतानासुद्धा. बाईंनी शिकवलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नसे. त्यांना गुरुजींचा हेवा वाटे, आणि अलीकडे थोडी भीतीही.

आज गुरुजींची आई आली होती. मोतीबाईंना आता दिसत नाही. हातात मोहाच्या दारूची बाटली होती. गेलेल्या माणसासाठी त्याच्या घराच्या उंबऱ्यावर धार टाकायची, ही त्यांची रीत.

“आजीनं बुडालेल्या घरावर बोटीतून धार टाकली होती,” म्हातारीचं पावरी बोलणं रविना मराठीत सांगू लागली. “ती पाण्यात कुठच्या कुठं गेली. गुरुजींना मिळालीच नाही. ते अजून तसेच फिरतायत. त्यांनी इथं घर मांडलंय ना, तिथं ने म्हणते.”

बाईंची नजर सपाट अंगणावर गेली. या डोळ्यांनी अधू म्हातारीला आता काय सांगायचं? घाबरल्या की बाईंची शाळेची भाषा सुटे आणि घरची अहिराणी तोंडात येई.

“आते कोठे शे घर? मी तं समदा दगड उचली टाकात.”

“दगड नाहीत,” रविना म्हणाली. “घर आहे.”

तिने म्हातारीचा हात धरला आणि अंगणातून वळणं घेत निघाली. मागून बाकीची पोरं, एकामागे एक. एका जागी ती थांबली आणि पावरीत काहीतरी बोलली. मोतीबाई वाकल्या. वाकूनच त्यांनी हात पुढे केला. तळवा हवेत टेकला आणि तिथंच राहिला. बराच वेळ त्या काहीतरी कुरवाळत होत्या.

मग त्यांनी धार टाकली. सपाट मातीवर ती पसरायला हवी होती. ती एका दाराच्या रुंदीइतकी सरळ धावली आणि थांबली. रेघेच्या पलीकडे थेंबही गेला नाही.

मोतीबाई काहीतरी पुटपुटल्या आणि बाजूला सरकल्या. रविना सरकली. पोरांची रांग मधोमध दुभंगली.

“काय झालं गं?” बाईंनी हळूच विचारलं.

“गुरुजी बाहेर येतायत.”

बाईंना काहीच दिसलं नाही. पण आपण उभ्या आहोत ती गावातली वाट आहे, हे त्यांनाही आता पाठ झालं होतं. ओढणी सावरून त्या बाजूला झाल्या.