कोणी पाठवलं?

"नर्सबाई, मापाची खोली कुठली हो?"

सकाळपासून हा प्रश्न विचारणारी ही अकरावी बाई. नर्सबाईंनी पेनाने दार दाखवलं. दारावर त्यांनीच ठळक अक्षरांत 'स्तन कर्करोग तपासणी' असं लिहिलं होतं. ते कोणीही वाचत नव्हतं.

'माप' हा शब्द त्यांच्या धाकट्या जावेचा. घराखालच्या गाळ्यात ती बायकांचे कपडे शिवायची. गेले चार महिने टेप गुंडाळता गुंडाळता प्रत्येकीला सांगायची, "कपड्याचं माप मी घेते, पण महिन्यातून एकदा आपलं आपण घ्यायचं. हातानं. गाठबीठ लागो न लागो, एकदा नर्सबाईंकडे जाऊन यायचंच." बायका हसायच्या, लाजायच्या आणि खरंच यायच्या.

नर्सबाई बावीस वर्षं तक्ते घेऊन दारोदार हिंडल्या होत्या. त्यांनी 'स्तन' म्हटलं की बायकांना गॅसवरचं दूध आठवायचं. आणि या शिवणवालीनं एका शब्दात मैदान मारावं? नर्सबाईंचा नुसता जळफळाट होत होता. चार महिन्यांत त्या गाळ्याची पायरी चढल्या नव्हत्या.

त्यात नोंदवहीत एक रकाना होता, 'कोणी पाठवलं?' प्रत्येक बाई ठसक्यात सांगायची, "शिवणवाल्या काकूंनी." ते नर्सबाईंनाच लिहावं लागायचं. एकतीस वेळा लिहून झालं होतं.

डॉक्टरीणबाई वही चाळत म्हणाल्या, "तुमच्या जावेचा सत्कारच करायला हवा!"

"करा की," नर्सबाई म्हणाल्या. पोटात दुखत होतं ते वेगळंच.

दुपारी डबा बाजूला सारून त्यांनी वही पुन्हा काढली. काहीतरी खोट सापडायला हवी होती, आणि सापडली. एकतीस नावांत जावेचं स्वतःचं नाव नव्हतं! नर्सबाईंना इतकं बरं वाटलं की त्या डबा चाटूनपुसून जेवल्या.

संध्याकाळी वही बगलेत मारून त्या गाळ्यात शिरल्या.

"काय गं, साऱ्या जगाची मापं काढतेस. तुझं कधी?"

जावेनं मशीनवरचा पाय काढला. "वेळच नाही झाला, ताई."

"मला नको सांगूस. एकतीस जणींना बरा वेळ होता!"

जाऊ उठली. तिनं गाळ्याचं दार लोटलं आणि गळ्यातला टेप काढून ठेवला.

"मी घेतलंय माप. चार महिने झाले."

नर्सबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि गप्प बसलीस?"

"गप्प कुठं? हाताला लागलं तेव्हापासून दिसेल तिला सांगत सुटले. माझंच तेवढं राहिलं. भीती वाटायची हो. म्हटलं, ताई आल्या की त्यांनाच सांगू. तर तुम्ही इकडं फिरकलाच नाहीत."

नर्सबाईंनी हात धुतले, चोळून ऊबदार केले आणि तिला पडद्याआड नेलं. डावीकडे, बगलेजवळ, बटणाएवढी होती.

मग कापडं बाजूला सारून त्यांनी टेबलावर वही उघडली. बत्तीस. नाव लिहिलं, वय लिहिलं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.

जाऊ खांद्यावरून बघत होती. "तुमचं लिहा ना, ताई."

नर्सबाईंनी लिहिलं. त्या रकान्यात त्यांचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. अक्षर मात्र नेहमीसारखं ठळक आलं नाही.