जयवंतचं नाक
मुलुंडच्या मैदानावरच्या गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरमधून पेट्रोल गळत होतं. जयवंत मेस्त्रीने रबरी पाईप बदलला, क्लिपा आवळल्या आणि खिशातून अगरबत्ती काढली. दुरुस्त केलेलं इंजिन अगरबत्ती ओवाळल्याशिवाय त्याने जन्मात कधी सुरू केलं नव्हतं.

तो काडी ओढणार, तोच त्याच्या मुलीने, श्वेताने, काडेपेटी हिसकावून घेतली.

"बाबा, वेड लागलंय का? केवढा वास मारतोय पेट्रोलचा!"

नुसत्या वासावरून गळती सांगणारा मेस्त्री म्हणून जयवंतचं नाव होतं. पण पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि नाक नुसतं शोभेपुरतं उरलं. घरात कुणाला सांगायची लाज वाटे. म्हणून बायको मासे तळायला गेली की तो बाहेरूनच ओरडायचा, "काय वास सुटलाय!"

"सर्दी झालीय गं," तो पुटपुटला.

श्वेताने कार्बोरेटरखाली बोट फिरवलं. ते ओलं झालं. तिथलं वॉशर चिरलं होतं. तिने नवं बसवलं, सांडलेलं सगळं फडक्याने टिपलं आणि तो इंजिनावर वाकलेला असताना तेच फडकं त्याच्या नकळत नाकाखाली धरलं. "आता बघा, येतोय वास?"

त्याने छाती भरून श्वास घेतला. "छे! आता कसं झकास झालं."

फडक्यातून पेट्रोलचा थेंब त्याच्या पायावर पडला, गार. त्याची मान वर होईना.

"आईला माहीत आहे, बाबा," श्वेता हळूच म्हणाली. "रविवारी तुम्ही वासाचं कौतुक केलंत ना, तेव्हा तिने गॅससुद्धा पेटवला नव्हता."