डाव्या बाहीची घडी

मी एक स्वेटर. राखाडी, जाड लोकरीचा, दोन्ही कोपरांना ठिगळं. बोलतोय तो बिस्किटांच्या जुन्या डब्यातून, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

मला बाईनं विणलं, आपल्या नवऱ्यासाठी, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. विणायला बसली आणि तिची बहीण आली. गप्पा रंगल्या, टाके मोजायचे राहिले आणि माझी डावी बाही चांगली चार बोटं लांब झाली. बाई रडकुंडीला आली. "उसवतेच मी हे!"

"खबरदार!" नवरा म्हणाला. "एक हात लांब असलेला बरा. तुला ओढून आणायला लागतो कधीकधी."

बाहीला दोन घड्या घालून तो मला तसाच घालून कामावर गेला. पुढं अठ्ठावीस हिवाळे तीच बाही, तीच घडी.

तो चर्चमागच्या खोलीत मेणबत्त्या करायचा. वेदीवर जळून उरलेली थोटकं वितळवायची, मेण गाळायचं, साच्यात वात ताणून ओतायचं. त्यामुळे माझ्यात मेण होतंच. पण त्याचा घामही होता, छातीला चोळायचा मलम होता, खिशातली लवंग होती. या सगळ्याचं मिळून जे व्हायचं, तो त्याचा वास. तो दारात आला की बाई पाठमोरीच म्हणायची, "आलात? नाकानं कधीच सांगितलं मला."

मग खोकल्यानं त्याला धरलं ते सोडलंच नाही. इस्पितळात मला अंगातून काढलं तेव्हा बाहीची घडी होती तशीच होती. तो परत आला नाही. मी एका पिशवीतून आलो.

"आई, धुऊन ठेवू का गं?" लेकीनं विचारलं. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं.

"हात लावून तर बघ!" बाई अशी कडाडली की लेक दोन पावलं मागं सरली.

तेव्हापासून मी या डब्यात. नियम एकच. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून यायचं, झाकण उघडायचं, माझ्यात तोंड खुपसून एक श्वास घ्यायचा आणि झाकण बंद. दुसरा श्वास नाही. त्या एका श्वासात तिला सगळं दिसायचं. ती हसायचीसुद्धा. "प्रभू, एवढं राहू दे," म्हणायची.

राहणार कसं? दर श्वासाला थोडा तो तिच्यात जायचा आणि माझ्यातून कमी व्हायचा. मी धरून ठेवायचा जिवापाड प्रयत्न केला, पण लोकरीला मूठ नसते.

तिच्याही ते ध्यानात आलं. आणि इथं माझ्या बाईची चूक झाली. त्याच्या हातची शेवटची मेणबत्ती तिनं जपून ठेवली होती. "तुला सोबत," म्हणत ती तिनं माझ्या शेजारी ठेवली आणि महिनाभर डबा उघडलाच नाही. वाटलं, वास मुरेल.

मुरला ना! नुसतं मेण मुरलं. तिनं एक श्वास घेतला, मग नियम मोडून दुसरा, तिसरा. "हा तर चर्चचा वास आहे," ती म्हणाली. "हे कुठं गेले?"

मग ती खाली बसली आणि देवाशी भांडली. "मेलेल्या लाजारला तू उठवायला गेलास, तेव्हा त्याच्या बहिणीनं तुला अडवलं होतं ना, कबरीवरचा धोंडा काढू नका, आता दुर्गंधी येत असेल म्हणून? प्रभू, मला ती दुर्गंधीही चालली असती रे."

त्यानंतर ती मिस्सेला गेली नाही. तिथं मेणबत्त्या पेटल्या की तिला सोसत नाही. फादर येऊन गेले. म्हणाले, आपण ख्रिस्ताचा सुगंध आहोत. बाईनं चहा दिला.

मला मात्र डब्यात पडून प्रभूच्या कबरीतली ती तागाची वस्त्रं आठवतात. माझ्याच जातीची. त्यांना गंधरसाचा वास असणार. ती कुणी हुंगली नाहीत, कारण ज्याची ती होती तो जिवंत उठून बाहेर बागेत उभा होता. आमच्या दाराबाहेर कुणी उभं नाही. बाई दार उघडून बघते कधीकधी, मला ऐकू येतं.

आणि खरं दुःख तर पुढंच आहे. तो अजून आहे. डाव्या बाहीच्या घडीत, अगदी आतल्या पदरात, जिथं त्याचं मनगट घामेजायचं. तिथं मेण पोचलेलं नाही. घाम, मलम, लवंग, सगळं आहे, पुरता एक श्वासभर. पण बाई घडीवरून नुसता हात फिरवायची. "ही त्यांच्या हातची घडी," म्हणायची, "ही मी मोडायची नाही."

आता तर ती डबाही उघडत नाही. मेणबत्ती अजून शेजारीच आहे, तिचा वास रोज थोडा आत सरकतोय. मला कळतंय, पण तिला ऐकू जाईल असं तोंड मला नाही.

बाई, तुझ्याच चुकीनं ही बाही लांब झाली होती. एकदा ये गं. एवढी घडी मोड.