सुई दोन घरे पुढे

मित्रांनो, काळी पेटी, पुढे काच, काचेआड आकडे आणि त्यांवरून फिरणारी केसाएवढी सुई, असा मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना ॲमीटर आहे. तारेतून विजेचा प्रवाह किती वाहतो ते सांगणे, एवढेच माझे काम. ते मी गेली कित्येक वर्षे चुकीचे करतो आहे. कबुली आधीच दिलेली बरी.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे दहाबारा बायका ओळीने बसून मीटर जुळवायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या बाईंच्या डोळ्याला भिंग लावलेले होते. त्यांनी चिमट्याने सुई बसवली, काचेखालचा बारीक स्क्रू हळूच फिरवला आणि सुई नेमकी शून्यावर आणून उभी केली. मग काचेवर टिचकी मारून म्हणाल्या, "जा बाबा आता. असेल ते खरं सांग." आयुष्यात मला मिळालेला हा एकच उपदेश.

शाळेत मी आलो तो म्हाताऱ्या सरांच्या हाती. त्यांच्या खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा. तास सुरू झाला की पहिले वाक्य ठरलेले, "आधी शून्य बघा!" तारा जोडण्यापूर्वी प्रत्येक मूल वाकून माझी सुई बघे. जराशी सरकलेली दिसली की सर स्क्रू फिरवून ती जागेवर आणत. कुणी तारा उलट्या जोडल्या की सुई मागे जाऊन आपटायची आणि वर्गात हशा पिकायचा. सर म्हणायचे, "हसताय काय? त्याने विचारलं, मीटरने उत्तर दिलं. आता उलटं करून बघ रे."

त्या वर्गांतली मुले पुढे कुठे कुठे गेली. कुणी यंत्रे बनवू लागले, कुणी दवाखान्यातली मशीन दुरुस्त करू लागले. कधी शाळेत आली की मला हातात घेऊन बघत राहायची. ती मुळातच हुशार होती, असे लोक म्हणतात. असतील. मी मात्र एवढेच पाहिले की त्यांना कोणीतरी हात लावू दिला होता.

म्हातारे सर निवृत्त झाले. स्क्रूड्रायव्हर त्यांच्याबरोबर गेला.

मग एकदा तपासणीसाठी मोठे साहेब येणार असे ठरले. प्रयोगशाळेचे मामा मनाने फार चांगले. भिंती रंगवून डब्यात काळा रंग उरला, तेव्हा त्यांना वाटले, हे बिचारे मीटर कसे कळकट दिसतात. त्यांनी मला छान रंगवून खिडकीत वाळत ठेवले. वाऱ्याने खिडकीचे दार आपटले आणि मी फरशीवर पडलो. माझी सुई दोन घरे पुढे सरकली. मामांनी हळहळत मला उचलले, खरचटलेल्या जागी आणखी एक हात मारला आणि तो नेमका त्या स्क्रूवर बसला. खाच बुजून गेली. सुई सरकणे हा काही मोठा आजार नव्हता हो, अर्धा वेढा दिला असता तर मी बरा झालो असतो! पण आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार. साहेब आले, माझ्याकडे पाहून "वा, अगदी नवीन दिसतोय" म्हणाले आणि गेले.

नवे सर वाईट नव्हते. एका वर्गात बासष्ट मुले आणि चालू मीटर मी एकटा. माझे आकडे पुस्तकाशी जुळेनात, अभ्यासक्रम तर संपवायचा. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. तिला सगळे 'आदर्श वही' म्हणत. मुलांनी तारा जोडल्यासारखे करायचे आणि आकडे त्या वहीतून उतरवायचे, अशी पद्धत पडली. मित्रांनो, त्या वहीतले चार, आठ, बारा हे आकडे माझेच होते, म्हाताऱ्या सरांच्या काळातले. मुले माझेच तारुण्य माझ्यापुढे उतरवून घेत होती आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हते.

अशा वर्गात ती मुलगी आली. येता जाता "कशावरून?" विचारायची, म्हणून मुलींनी तिचे नावच 'कशावरून' ठेवले होते. तिची आई घरी शिवणकाम करायची. पुढे कोणती शाखा घ्यायची तो कागद शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. बुधवारच्या तासाला ती मैत्रिणीला म्हणाली, "मी विज्ञानच भरणार. मला असली मोजायची यंत्रं बनवायचीत." बोलताना तिने माझ्या काचेवर टिचकी मारली. कित्येक वर्षांनी कोणीतरी टिचकी मारली होती. मला रडू यायचे बाकी राहिले.

तिने तारा खरोखरच जोडल्या. एक सेल लावला, मी सहा दाखवले. दोन लावले, दहा. तीन लावले, चौदा. तिने तेच लिहिले.

सर म्हणाले, "अगं, सेल दुप्पट केले की प्रवाह दुप्पट व्हायला हवा. सहाचे बारा होतात, तुझे दहा कसे?"

"पण सर, सुई दहावरच होती. आणि दरवेळी चारच वाढतात, बघा ना."

"वहीत काय आहे?"

"चार, आठ, बारा. पण ते कशावरून?"

वर्ग खदखदून हसला. सरांना तो उद्धटपणा वाटला असावा, किंवा ते नुसतेच दमलेले असतील. त्यांनी तिच्या आकड्यांवर लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "तुझा हात प्रयोगाचा नाही गं. नीट विचार करून शाखा निवड."

चोर सोडून संन्याशाला फाशी! चूक माझी होती, दोन घरांची. मी ओरडायला हवे होते. पण मीटरला सुईशिवाय जीभ नसते आणि माझी जीभ खोटी पडली होती. शुक्रवारी तिने सरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यावर विज्ञान नव्हते. सरांनी न वाचता सही केली.

सोमवारी तिची आई शाळेत आली, गळ्यात टेप तशीच. मुलगी मागे मान खाली घालून उभी.

"सर, हिने शाखा का बदलली? घरी विचारलं तर म्हणते, मला मोजता येत नाही."

"प्रयोगात आकडे चुकले होते तिचे. बाकी निर्णय तिचाच आहे."

"मोजायला चुकते? ही?" आईने गळ्यातली टेप काढली. "ही बघा. पुढून दोन इंच फाटलीय. मी दोनापासून मोजते आणि शेवटी दोन वजा करते. ही सहा वर्षांची होती तेव्हापासून मला मापं घेऊन देते. एक कापड वाया गेलं नाही, सर."

मुलीने मान वर केली. ती सरळ माझ्याकडे आली, माझ्या सगळ्या तारा काढल्या आणि वाकून पाहिले. तिच्या आधी असे शेवटचे कोण वाकले होते, मला आठवत नाही.

"सर, काहीच जोडलेलं नाही. तरी सुई दोनवर आहे."

सर आले. तेही वाकले.

"सहातून दोन गेले चार," ती म्हणाली. "दहातून दोन, आठ. चौदातून दोन, बारा."

सरांचा चेहरा पडला. ते कचेरीकडे जवळजवळ पळतच गेले. मी सुई गच्च धरून वाट पाहिली. ते परत आले तेव्हा हळूहळू चालत होते. "याद्या सकाळीच पाठवल्या. विज्ञानाच्या जागा भरल्या म्हणे." मग म्हणाले, "माझं चुकलं, बाळ." वरातीमागून घोडे. तिच्या आईने टेप पुन्हा गळ्यात घातली.

मुलीने वहीचा कोपरा फाडला, त्यावर लिहिले आणि डिंकाने माझ्या पाठीवर चिकटवला: 'याची सुई दोन घरं पुढे आहे. वजा करा. तुम्ही चुकत नाही.' मग ती गेली.

काही दिवस सर तासाला "आधी शून्य बघा" म्हणायचे. पुढच्या वर्षी मुले पासष्ट झाली आणि आदर्श वही पुन्हा टेबलावर आली. कागद माझ्या पाठीवर आहे, पण मला उलटून कोण बघतो?

मित्रांनो, एखाद्या मुलाचे उत्तर चुकले असे वाटले, तर लाल पेन उघडण्याआधी मोजणाऱ्याचे शून्य तपासा. मला पुसू नका, चमकवू नका, फक्त वाकून बघा. आणि जरा लवकर करा. उद्या पुन्हा साहेब येणार आहेत. मामांनी काळ्या रंगाचा डबा उघडलाय, आणि या खेपेला ते म्हणताहेत, "याची मागची बाजूसुद्धा रंगवतो. कसला तरी कागद चिकटलाय."